चुलवणावरचं गरम पाणी पाइपनं न्हाणीत आणायचंय, जोडणी कशी करावी?

मळेवाला (जिंतूर)
रामराम मंडळी. शेतातच घर आहे. सहा माणसं, त्यात आई-दादांना भर उन्हाळा सोडला तर अंघोळीला गरम पाणी लागतंच. सध्या परसात चुलवण आहे, त्यावर हंडा. पहाटे पेटवायचं आणि बादल्या उचलून न्हाणीत न्यायच्या. स्वयंपाक कधीच गॅसवर गेला, पण एवढ्या जणांचं पाणी गॅसवर तापवणं परवडत नाही. सरपणाला मात्र तोटा नाही. तुराट्या आहेत, बांधावरची बाभूळ दरसाल छाटावीच लागते.

विचार असा चालूय की चुलवणाच्या जागी विटांची पक्की भट्टी बांधायची, आत लोखंडी पेटी बसवायची आणि तिचे दोन पाइप गच्चीवरच्या टाकीला जोडायचे. सोलरची टाकी पडूनच आहे. गारपिटीत ट्यूबा फुटल्या, टाकी ठणठणीत आहे. मोटार न लावता पाणी आपोआप फिरेल का, आणि पाइप कोणता घ्यावा, एवढंच विचारायलो.

सरळसोट (नांदेड)
तीन किलोवॉटचा गिझर घ्या, बटन दाबा, विषय संपला. एवढा खटाटोप कशाला करायलात?

मळेवाला
शेतातली लाइट आहे दादा. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि व्होल्टेज असं की बल्ब नुसता लाल दिसतो.

ऊन_सावली (लातूर)
आधी हिशेब मांडू, मग पाइपाकडे वळू. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ४,००० किलोकॅलरी लागतात. विजेत मोजलं तर साडेचार युनिटच्या थोडं वर. वाळलेल्या बाभळीच्या किलोभर लाकडात साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी असतात, पण साध्या भट्टीत त्यातला पाव हिस्सा पाण्याला लागला तरी पुष्कळ. बाकीची उष्णता विटा तापवते आणि धुराड्यातून निघून जाते. म्हणजे शंभर लिटरमागे चारेक किलो सरपण धरा. ६० अंशांच्या शंभर लिटरमध्ये तेवढंच गार पाणी घातलं की सहा जणांच्या अंघोळी आरामात होतात.

आता पाण्याचं फिरणं. मोटार लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, टाकीच्या तळातलं गार पाणी दुसऱ्या पाइपनं खाली येतं. मोटार नाही हे बरंच आहे, कारण लाइट गेली म्हणून आग काही थांबत नाही. पण ह्या फिरण्यामागचा जोर किती असतो? चढत्या पाइपात ८० अंशांचं पाणी, उतरत्यात ६० अंशांचं, आणि टाकी भट्टीपेक्षा दोन मीटर उंच असेल तर सगळा मिळून जोर जेमतेम दोन सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढा. अर्धा इंची पाइप नि चार-सहा एल्बो घातले की तो तिथंच जिरतो. एक इंचाच्या खाली जाऊ नका, सव्वा इंच उत्तम. काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड टाका. आणि गरम पाइप पेटीपासून टाकीपर्यंत सतत चढताच हवा. मध्येच वर नेऊन परत खाली उतरवला की त्या उंचवट्यात हवा अडकते आणि पाणी जागेवर उकळत बसतं.

फिटरमामा (जालना)
मळेवाले, टाकी काचेच्या ट्यूबवाल्या सोलरची आहे की प्लेटवाल्या?

मळेवाला
ट्यूबवाली, पंधरा ट्यूबांची.

फिटरमामा (जालना)
मग ती विसरा. त्या टाकीच्या पोटाला पंधरा भोकं आहेत आणि प्रत्येकात रबराची रिंग. ट्यूब काढल्यावर ती भोकं बुजवायची कशानं? पत्रा आतून पातळ असतो, वेल्डर डाग द्यायला गेला की आरपार जातो आणि वरचा फोम जळतो. एक भोक बुजवलं की दुसरं गळतंय, हाच खेळ होतो.

भंगारवाल्याकडं किंवा सोलर दुरुस्तीवाल्याकडं प्लेटवाल्या सोलरची टाकी बघा, तीही हीट एक्स्चेंजरची. हॉटेल-लॉजवाले नवीन बसवतात तेव्हा जुन्या निघतात. ह्या टाकीत दोन पाणी वेगवेगळी असतात. प्लेटमध्ये फिरणारं पाणी टाकीच्या आतल्या कॉइलमधून किंवा बाहेरच्या आवरणातून जातं आणि अंघोळीच्या पाण्याला फक्त ऊब देतं. एकमेकांत मिसळत नाही. बोअरचं पाणी जड असलेल्या भागासाठी ती बनवतात, आणि आपला सगळा मराठवाडा त्यात आला. काळ्या पाषाणातलं पाणी, चुना भरपूर. तुमच्या हंड्याच्या आतला पांढरा थर खरवडून बघा. तोच थर भट्टीतल्या पेटीत बसला तर हात घालून खरवडता येणार नाही. थराखालचं लोखंड तापून लाल होतं आणि एक दिवस पेटी फुगते किंवा चिरते.

म्हणून भट्टीचं पाणी वेगळं आणि वापराचं वेगळं. भट्टीच्या फेऱ्यात एकदाच पाणी भरायचं, तेही पावसाचं. गच्चीवरचं पहिल्या पावसाचं जाऊ द्या, नंतरचं स्वच्छ पाणी ड्रममध्ये धरा. तेच तेच पाणी फिरत राहतं, नवा चुना येतच नाही.

जुगाडू (बीड)
एवढं दोन-दोन पाणी वगैरे कशाला? आमच्या इकडं एकानं सरळ पेटीतूनच नळ काढलाय, मस्त चालतंय. आधी वरच्या हवेच्या पाइपातून पाणी उडायचं म्हणून त्यानं तिथं कॉक टाकला. आता थेंब सांडत नाही. वर प्रेशर पंपही लावलाय, शॉवर जोरात येतो.

फिटरमामा (जालना)
जुगाडू, त्या माणसाला आत्ता फोन लावा आणि भट्टी विझवायला सांगा. चेष्टा नाही करायलो.

हवेचा पाइप, म्हणजे व्हेंट, हा त्या अख्ख्या जोडणीतला एकच पाइप असा आहे की ज्याला कॉक, व्हॉल्व्ह, एनआरव्ही (उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह), टोपी, चिंधी, काहीही लावायचं नसतं. पेटीपासून आभाळापर्यंत वाट मोकळी पाहिजे. लिटरभर पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशे लिटरच्या पुढं जागा मागते. ती वाट बंद केली म्हणजे शिट्टी आणि सेफ्टी दोन्ही काढून तोंड बुजवलेला कुकर रोज पेटवायलेत ते. कॉक उघडा ठेवू म्हणाल, तर घरात पोरं असतात, पाहुणे असतात, कोणाचा तरी हात जातो.

पाणी उडत होतं त्याचं कारण वेगळं आहे. व्हेंट बुटका होता. उकळायच्या बेतातलं पाणी गार पाण्यापेक्षा चार टक्के हलकं असतं, म्हणून व्हेंटमध्ये ते टाकीच्या पातळीपेक्षा वर उभं राहतं. पेटीपासून टाकीच्या पाण्यापर्यंत चार मीटर उंची असेल तर नुसत्या हलकेपणानं सोळा सेंटिमीटर वर. त्यावर बुडबुड्यांची उसळी वेगळी. आमचा नियम असा: मीटरमागं चार सेंटिमीटर, अधिक पंधरा सेंटिमीटर. चार मीटरला एकतीस झाले. मी दीड फूट धरतो, पाइपाला किती पैसे लागतात? वरचं टोक वाकवून भट्टीच्या फेऱ्याला पाणी देणाऱ्या वरच्या छोट्या टाकीच्या तोंडावर सोडायचं, म्हणजे उडालंच तर परत टाकीतच पडतं.

आणि प्रेशर पंप भट्टीच्या फेऱ्याला कधीच लावायचा नाही.

जुगाडू (बीड)
फोन केला. विझवलीय म्हणाला. कॉक काढतो म्हणतो, पण मामा, व्हेंट उंच करायला गच्चीवर जागा नाही त्याच्याकडं.

फिटरमामा (जालना)
भिंतीला क्लॅम्प मारून पाइप उभा न्यावा. आणि पाइप चढेपर्यंत हंड्यात पाणी तापवावं. शॉवरचं नंतर बघू.

ऊन_सावली (लातूर)
मामांनी स्फोटाची बाजू सांगितली. आपल्याकडं त्याहून रोजचा धोका दुसराच आहे, तो थंड देशातल्या नकाशांत सापडत नाही: टाकी रिकामी होणं. तिकडं नळाला चोवीस तास पाणी असतं, फ्लोट उघडला की टाकी भरते असं धरूनच ते नकाशे काढलेले असतात. आपल्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, बोअर एप्रिलात गचके खातो. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. वरची टाकी कोरडी पडली आणि कोणाला न कळता खाली भट्टी पेटवली, तर पेटीत उरलेलं पाणी उडून जातं. नंतर टँकर आला, कोणीतरी व्हॉल्व्ह सोडला आणि लाल पेटीवर गार पाणी पडलं, की घडू नये ते घडतं. कोरड्या तापलेल्या पेटीत पाणी सोडायचं नाही. आग बाहेर ओढायची, पेटी हाताला सोसेल इतकी निवू द्यायची, मगच भरायचं.

दोन पाणी वेगळी ठेवण्याचा आपल्यासाठी खरा फायदा हा आहे. भट्टीच्या फेऱ्याला वर वीस-पंचवीस लिटरची स्वतःची टाकी द्या. तिचा घरातल्या एकाही नळाशी संबंध नको. मग घरची मोठी टाकी खडखडीत कोरडी झाली तरी पेटी भरलेलीच राहते, कारण ते पाणी कोणी वापरतच नाही. बाष्पानं थोडं कमी होईल तेवढं हातानं घालायचं. ही छोटी टाकी स्टीलची घ्या. व्हेंटमधून उकळतं पाणी पडलं तर प्लास्टिकची मऊ होऊन बसेल, आणि ती डोक्यावर असते.

आता गरम पाण्याची टाकी कुठं ठेवताय तेही बघा. गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली तर नळ सोडल्यावर आधी पाइपातलं गार पाणी येतं. पाऊण इंची पाइपात मीटरला पाऊण पेला बसत असेल असं लोक समजतात, पण बसतं तिसरा हिस्सा लिटर. बारा मीटरला चार लिटर, दर माणसामागं, मोरीत. टाकी बरोबर न्हाणीच्या डोक्यावर घ्या.

अंबानगरी (अंबाजोगाई)
मळेवाला दादा, एवढे सगळे पाइप मोजायलेत, पण भट्टी पेटवणार कोण हे कोणी विचारलंच नाही. वहिनींना विचारलं का?

आमच्या माहेरी तांब्याचा बंब होता. त्याची तोटी वरच्या अंगाला होती. गार पाणी ओतल्याशिवाय गरम बाहेर यायचंच नाही, म्हणून तो कधी कोरडा पडायचा नाही. बादली घेतली तर बादली घालावीच लागायची. हे त्या तांबटाला कळत होतं.

भट्टीबद्दल दोन गोष्टी. पेटी जाळाच्या ऐन पोटात ठेवू नका. गार पाण्याची पेटी जाळ थंड करते, लाकूड नीट जळत नाही, धूर होतो आणि पेटीवर डांबरासारखी काजळी चढते. चुलीला वैल असतो ना, जिथं मागचं भांडं ठेवतो, त्या जागी पेटी घ्या. जाळ पुढं मोकळा जळेल, मग ती झळ पेटीच्या अंगावरून धुराड्याकडं जाईल. आणि पेटीच्या बाजूला हात जाईल एवढं दार ठेवा. काजळी पंधरवड्याला खरवडावीच लागते, थर चढला की पाणी तापायला सरपण जास्त लागतं.

दुसरं, राख काढायचं तोंड बाहेरच्या बाजूला. न्हाणीच्या दारात राख सांडली की घरभर होते.

मळेवाला
ताई, तिला विचारूनच धागा काढलाय. तिची अट एकच, बादल्या उचलणार नाही.

मामा, पाइपाचं राहिलं. दुकानदार सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) घ्या म्हणतो, गरम पाण्याचाच असतो म्हणे. आणि जुन्या घराला माळवद आहे, धुराडं तिथून काढलं तर चालेल का?

फिटरमामा (जालना)
सीपीव्हीसी अंघोळीच्या नळापर्यंत चालेल, भट्टीच्या फेऱ्यात नाही. त्याची हद्द ९३ अंशांना संपते. आपल्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं. गिझरला थर्मोस्टॅट असतो, तो वीज तोडतो. बाभळीच्या ओंडक्याला थर्मोस्टॅट नसतो. पांढरा पीव्हीसी तर ६० लाच मऊ पडतो. पेटीपासून टाकीपर्यंत जाताना-येताना, आणि व्हेंट, सगळं लोखंडी. जीआयमध्ये, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या (गॅल्व्हनाइज्ड) लोखंडी पाइपात, लाल पट्ट्याचा सी क्लास मागा. निळा पट्टा बी क्लासचा असतो, पिवळा सगळ्यात हलका. लोखंडी पेटीला तांब्याचा पाइप थेट जोडू नका, ओल्या सांध्यात लोखंड खाल्लं जातं.

पेटी एमएस, म्हणजे साध्या लोखंडाच्या, प्लेटची, पाच-सहा मिलिमीटर जाड. वेल्डरला सांगा, गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करायचा नाही, पेटीला काळ्या पाइपाचेच तुकडे लावायचे आणि पुढं आट्यांवर जीआय जोडायचा. जस्त जळाल्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी माणूस तापानं फणफणतो. गरम पाइप पेटीच्या अगदी माथ्यावरून निघाला पाहिजे. दोन बोटं खाली लावला तर वर वाफेचा कप्पा तयार होतो आणि ठोके बसल्यासारखा आवाज येतो. परतीचा पाइप तळाशी, आणि तळाच्या कोपऱ्यात गाळ काढायला चावीनं उघडणारा कॉक. हातानं फिरणारा नको, पोरं सोडतात. पेटीला एक स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह पण द्या, त्याचं तोंड जमिनीकडं करून. व्हेंट असताना तो कशाला असं म्हणू नका.

माळवदातून धुराडं काढायचं नाही. तिथं तुळया आहेत, वर लाकडी किलचन, त्यावर माती. धुराड्याचा पत्रा तापतो आणि किलचनाला चिकटून राहिला तर लाकूड वर्षानुवर्षं वाळत वाळत एखाद्या रात्री धुमसायला लागतं. वरून माती असल्यानं बाहेर काहीच दिसत नाही. साणं (छतातला उजेडाचा झरोका) आहे म्हणून त्यातून पाइप काढायचाही मोह करू नका, त्याच्या कडा लाकडीच असतात. भट्टी बाहेरच्या भिंतीला लावा, धुराडं उघड्यावरून सरळ वर.

किल्लेधारूर
सरपणात पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) वापरणार असाल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत जाळून संपवा. वर्षभराची गंजी घरामागं किंवा शेताच्या कडेला लावून ठेवू नका. न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात, पुढच्या कापसाला तिथूनच लागण. साठवायचं तर तुराटी आणि बाभूळ साठवा. तुराटी भुर्रकन जळते, पेटवायला चांगली. पाणी तापवतो तो बाभळीचा विस्तव.

सरळसोट (नांदेड)
आता माझीही उत्सुकता वाढलीय. एक शंका. वापराच्या बाजूची टाकी तर कोरडी पडेलच ना, घरची टाकी संपल्यावर?

ऊन_सावली (लातूर)
चांगला प्रश्न. गरम पाणी टाकीच्या माथ्यावरून निघतं, त्यामुळं घरची टाकी संपली की नळ बंद पडतो पण गरम टाकी भरलेलीच राहते. एका अटीवर. गरम टाकीला जाणारा गार पाण्याचा पाइप मोठ्या टाकीपासून थेट आणि स्वतंत्र पाहिजे. त्याच पाइपातून खालच्या मोरीला किंवा जनावरांच्या हौदाला फाटा काढला असेल, तर वर पाणी संपल्यावर त्या खालच्या नळातून गरम टाकी उलटी रिकामी होते. हौदाच्या नळाला अचानक गरम पाणी आलं तर समजायचं काय झालं ते. आणि ह्या बाजूलाही हवेचा पाइप उघडाच ठेवायचा. दीडशे लिटर पाणी २० वरून ६० ला गेलं की दोन लिटरच्या वर फुगतं, त्याला जायला जागा लागते.

न्हाणीत मिक्सर बसवा किंवा निदान गार पाणी आधी सोडायची सवय लावा. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडं भाजतं, म्हाताऱ्या माणसांचं आणि लेकरांचं त्याहून लवकर.

मळेवाला
प्लेटवाली टाकी सापडली, कॉइलची, एका लॉजची जुनी. पुढच्या महिन्यात भट्टी बांधतो. पहिल्यांदा पेटवताना काय बघायचं?

फिटरमामा (जालना)
दोन्ही बाजूचं पाणी आदल्या दिवशीच भरा आणि रात्रभर ठेवा, आटे गळतायत का ते कळेल. भरताना सावकाश, खालून वर, आणि पाइपावर लाकडी मुठीनं टकटक करत जा म्हणजे अडकलेली हवा सुटते. सकाळी आधी वरच्या छोट्या टाकीत पाणी दिसतंय का ते डोळ्यानं बघायचं. हे पहिल्या दिवसाचं नाही, रोजचं. शिडी त्यासाठी पक्की करा, नाहीतर चार दिवसांनी कोणी चढत नाही. त्यापेक्षा टाकीला काचनळी लावून अंगणातून दिसेल अशी ठेवली तर उत्तम.

मग नुसत्या तुराट्यांवर बारीक जाळ. गरम पाइपाला हात लावून बघत वर वर जा. ऊब पेटीपासून टाकीकडं सरकत गेली आणि थोड्या वेळानं परतीचा पाइप कोमट लागला की पाणी फिरायलंय. पाइप पेटीजवळच चटका देतोय आणि हातभर वर गार आहे, किंवा आतून गुडगुड येतेय, तर लाकडं बाहेर ओढा. कुठंतरी हवा बसलीय किंवा चढ चुकलाय. लेव्हल लावून पाइप तपासा, जाळ वाढवून हवा निघत नाही.

अंबानगरी (अंबाजोगाई)
आणि त्या दिवशी लाकडं ओढायला चिमटा नि बाजूला मातीचं घमेलं घेऊन बसा. पाण्यानं विझवायला जाऊ नका, तापलेल्या विटा तडकतात.